हिरड्यांचा इलाज

सांबप्पांना या जगात दोन गोष्टींची भीती वाटायची. एक डायलिसिस. दुसरी भागम्माची किडनी.

पहिलीचं कारण कुणालाही कळेल. दुसरीचं सांगायचं तर सुरुवात करावी लागेल ती एका

आंब्यापासून.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात घरात एकच आंबा उरला होता. भागम्माने आपला अर्धा वाटा नवऱ्याला दिला. आंबा गोड निघाला हे बरंच झालं, कारण तो पुढे अडतीस वर्षं पुरवून खावा लागला. सांबप्पांनी भाजीला नाक मुरडलं की, "आमी तर आंबा दिल्ता." भाच्याच्या लग्नाला जायचा कंटाळा केला की, "लोकं आंबा सुदिक इसरतेत." एकदा तर सांबप्पा नुसते शिंकले होते.

अर्ध्या आंब्याची ही गत, तर अख्ख्या किडनीचं काय होईल? आंबा निदान पचून गेला. किडनी आतच राहणार, आणि आतून बोलणार.

आणि भागम्माने तर जाहीर करून टाकलं होतं. परभणीच्या किडनीच्या डॉक्टरांनी, म्हणजे डॉ. योगीराज यांनी, सांगितलं की सांबप्पांच्या दोन्ही किडन्या मिळून जेमतेम पाव हिश्श्याचं काम करतायत. रक्तातलं क्रिएटिनिन दोन पॉइंट आठ आहे. ते असंच वर चढलं तर पुढे डायलिसिस लागेल, नाहीतर कुणाची तरी किडनी बसवावी लागेल. हे ऐकून सांबप्पांचा चेहरा पडायच्या आतच भागम्मा म्हणाली, "माझी घ्या की. दोन हायत. एक नुस्ती बसूनच असंल."

त्याच बैठकीत डॉक्टरांनी आणखीही बरंच सांगितलं. मीठ कमी. बीपीच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. सांबप्पांच्या तोंडाचा वास टेबलाच्या पलीकडे पोचला होता. तो ओळखून डॉक्टरांनी खाली मान घालून कागदावर लिहितालिहिताच सांगितलं, "आणि हिरड्यांकडे दुर्लक्ष करू नका. हिरड्यांचा इलाज केला तर किडनीलाही फायदा होऊ शकतो."

मग त्यांनी इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून दिली.

चिठ्ठी त्यांच्या गावापर्यंत, पूर्णेपर्यंत, व्यवस्थित आली. दुसऱ्या दिवशी दुकानात पुड्या बांधायचा कागद संपला, तेव्हा ती शंभर ग्रॅम ओव्याला गुंडाळून नावकी गावच्या कुणा गिऱ्हाइकासोबत निघून गेली. सांबप्पांना त्याचं काही वाटलं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना पक्कं पाठ होतं, आणि त्या औषधाचं त्यांच्याकडे होतंच की

पोतं.

खरं तर दोन पोती. एक बाळहिरड्याचं, एक सुरवारी हिरड्याचं.

सांबप्पांचं पूर्णेत स्टेशन रस्त्यावर झाडपाल्याच्या औषधांचं दुकान. हिरडा, बेहडा, आवळकाठी, ज्येष्ठमध, नागरमोथा. आजोबांपासून चालत आलेलं. सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपली की तोंडात जी तंबाखू-सुपारी जायची, ती जेवणापुरतीच बाहेर यायची. आणि त्या तोंडात दातांना धरून ठेवणारं जे गुलाबी मांस असतं (सांबप्पांचं जांभळं होतं), त्याला या घरात, या गल्लीत, या बाजारात कुणीही कधी हिरड्या म्हटलेलं नव्हतं. मसूडे म्हणायचे. निजाम गेला, पण मसूडे ठेवून गेला.

तेव्हा हिरड्यांचा इलाज म्हणजे हिरड्यांचा इलाज. सांबप्पांना डॉक्टरांबद्दल एकदम आदर वाटू लागला.

"बघितलंस का," ते भागम्माला म्हणाले, "एवढं शिकून शेवटी आपल्याच पोत्याकडं आला मानूस."

"कंचा घ्यायचा ते बोलले का? बाळ का सुरवारी?"

"ते मोठे डॉक्टर हायत. एवढं बारीक आपन बघायचं."

सुरवारी ठरला. भागम्मा रोज खलबत्त्यात कुटून द्यायची. सांबप्पा सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे, कोमट पाण्यातून.

हिरड्याने पोट साफ होतं, हे सांबप्पांनी हजारो गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. चौथ्या दिवसापासून ते दुकानात कमी आणि संडासात जास्त दिसू लागले. गिऱ्हाईक हाक मारायचं, आतून उत्तर यायचं, "डब्यात हाय, डाव्या हाताला, घ्या आन् जावा." आठ दिवसांनी विजार सैल झाली. पंधरा दिवसांनी गाल आत गेले. महिन्याने ते फलाटाचा जिना चढताना दोनदा बसले.

"घान निघायली," सांबप्पा म्हणायचे, "किडनीतली."

महिन्याने परभणीला गेले तेव्हा क्रिएटिनिन तीन पॉइंट सहा होतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट उलटा धरला, सुलटा धरला.

"असं एकदम कसं वाढलं? मीठ?"

"बंद."

"गोळ्या?"

"टायमावर."

"हिरड्यांचं काय केलंत? चिठ्ठी दिली होती मी."

"चालू हाय की. रोज दोन टाइम."

"रोज? कुणाकडे?"

"कुनाकडं कशाला साहेब. घरचंच हाय."

"घरात कुणी डॉक्टर आहे?"

"डॉक्टर न्हाई. पोतं हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कसलं पोतं?"

"सुरवारी. वाळलेला माल हाय, एकदम कडक. ही कुटून देती."

"तुम्ही," डॉक्टर सावकाश म्हणाले, "हिरड्या कुटता?"

"हिरड्या न्हाई साहेब," सांबप्पांनी त्यांचं मराठी सुधारलं. "हिरडे."

मग डॉ. योगीराज यांनी दोन बोटांनी आपला वरचा ओठ थेट नाकापर्यंत उचलला आणि दुसऱ्या हाताने आत बोट दाखवलं. ओठ वर धरल्यामुळे त्यांना नीट बोलता येईना. "ह्या," ते म्हणाले, "इअआ." तेवढ्यात एक नर्स फाइल घेऊन आत आली, बघून तशीच मागे सरकत बाहेर गेली.

"ते व्हय," सांबप्पा म्हणाले. "मसूडे म्हनायचं की मंग."

मग डॉक्टरांनी ओठ सोडला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. मसूडे सुजलेले असले, त्यांत पू असला, तर तिथले जंतू आणि ती सूज रक्तातून सगळीकडे फिरते. किडनी आधीच दमलेली, तिच्या डोक्यावर आणखी ओझं. मसूडे बरे केले तर ते ओझं उतरू शकतं.

"उतरतंच का?" भागम्माने विचारलं.

"शकतं. खात्री मी देत नाही. पण जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं की किडनीचं नुकसान होतं, याची मात्र पुरेपूर खात्री देतो. हिरडा आज बंद. तंबाखू आज बंद. दाताच्या डॉक्टरांकडे आजच जायचं, मी स्वतः फोन करतो. तीन महिन्यांनी परत रक्त तपासू. तेव्हाही आकडा असाच वर असला, तर मग काकूंच्या तपासण्या सुरू करू. किडनी देण्याच्या."

"आजच केल्या तरी चालतेत," भागम्मा म्हणाली. "मी उपाशीच हाय."

सांबप्पा उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दाताच्या डॉक्टरकडे जायची घाई झाली होती. पण तिथे आधी भरावा लागतो

कागद.

सांबप्पांचा चष्मा दुकानात राहिला होता. त्यामुळे उत्तरं त्यांनी सांगितली आणि भागम्माने लिहिली.

*तंबाखू खाता का?*
सांगितलं: लिव, कवातरी.
लिहिलं: पूजा आनि जेवन सोडून कायम.

*दिवसातून किती वेळा दात घासता?*
सांगितलं: दोनदा.
लिहिलं: एकदा. बोटानं. घाईत.

*याआधी दात कधी तपासले होते?*
सांगितलं: लहानपनी.
लिहिलं: म्हशीचे तपासले. सोताचे न्हाई.

*उपचारांची भीती वाटते का?*
सांगितलं: न्हाई म्हनून लिव. ठळक.
लिहिलं: लय.

डॉ. संघप्रिया वाव्हळे यांनी तो कागद वाचला, चेहरा सरळ ठेवला आणि खुर्चीकडे बोट केलं. तिशीतली, गंगाखेडच्या मास्तरांची मुलगी, आवाज वर्गात शोभेल असा.

"अप्पा, बसा. घाबरायचं नाही."

"घाबरत न्हाई. पन बाई, तुमी ते काळं खरवडून काढनार न्हवं? त्येच्याच आधारावर तर दात उभे हायत. ते काढलं की पडतेत."

"शेवाळ काढलं म्हणून भिंत पडते का?"

सांबप्पांना पूर्णेतल्या दोनतीन भिंती आठवल्या, तरी त्यांनी आ केला.

संघप्रियांनी एक बारीक सळई घेतली आणि दात आणि मसूडा यांच्यामधल्या फटी मोजायला सुरुवात केली. त्या फटीला खिसा म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. निरोग्याचा दोन-तीन मिलिमीटरचा. सांबप्पांचे निघाले पाच, सहा, चार, सात, सहा, सात.

"कोटाला सुदिक एवढे खिसे नसतेत," भागम्मा स्टुलावरून म्हणाली.

कामाचे चार भाग पाडले. दर आठवड्याला तोंडाचा एक पाव हिस्सा. बधिर करायचं इंजेक्शन दिलं. अँटिबायोटिक द्यायच्या आधी त्यांनी डॉ. योगीराजांना फोन लावून मात्रा विचारून घेतली, कारण किडनीच्या माणसाला कुठलीही गोळी सहज देऊन चालत नाही. मग दोन आरसे, एक नळी, एक खरवडायची सळई आणि थोडा कापूस एवढं सगळं एकाच वेळी सांबप्पांच्या तोंडात गेलं आणि त्यांची सगळी व्यंजनं बाहेर राहिली. आत उरले नुसते

स्वर.

"आई," सांबप्पा म्हणाले.

हात थांबले. "आईला हाक मारतायत? दुखतंय का फार?"

"पानी," भागम्मा म्हणाली. "पानी मागायलेत."

पाणी दिलं.

"आअ आय आ एआ?"

संघप्रियांनी भागम्माकडे बघितलं.

"दात हाय का गेला, इचारायलेत."

"आहे, अप्पा. सगळे आहेत. काकू, तुम्हाला हे कळतं कसं?"

"बाई, अडतीस वर्सं तोंडात तंबाखू धरून बोललेत. मी ह्येंचं एक अक्षर धड ऐकलेलं न्हाई. अंदाजावर तर संसार झाला."

तिसऱ्या आठवड्याची गोष्ट. खालची डावी बाजू चालू होती. यंत्राचा आवाज, वर दिवा, नाकात लवंगेच्या तेलाचा वास. भागम्मा स्टुलावर बसून सांगत होती, की शेजारच्यांना विचारलं, किडनी दिल्यावर माणूस महिनाभरात भाकऱ्या थापायला लागतं. दुसऱ्या एकीने सांगितलं, दोन महिने लागतात. तिसरी म्हणाली, तिच्या नात्यातल्या बाईला ऑपरेशन झेपलंच नाही. पण ती बाई आधीपासूनच अशक्त होती, आपलं तसं नाही.

सांबप्पांनी डोळे मिटले. आणि जे त्यांनी रिकाम्या तोंडाने कधी म्हटलं नसतं, ते त्या कापसाआडून, कुणाला कळणार नाही अशा भरवशावर म्हटलं,

"इई इई अओ. इआ आई आअं अ ई आय अऊ."

भागम्मा बोलायची थांबली.

यंत्र बंद झालं. "काय म्हणतायत?"

सांबप्पांनी एक डोळा उघडला. भागम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सोडत होती. परत गुंडाळत होती. त्या क्षणी सांबप्पांना समजलं, की आपण या पृथ्वीतलावरच्या एकमेव तज्ज्ञ व्यक्तीसमोर बोललो आहोत. हिची किडनी नको. हिला काई झालं तर मी काय करू. शब्दन् शब्द पोचला होता.

"पंखा वाढवा म्हनायलेत," भागम्मा म्हणाली.

पंखा वाढवला. सांबप्पांना थंडी वाजली, पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

परत येताना गाडीत तिने त्यांना खिडकी दिली. आठवडाभर आंब्याचं नाव काढलं नाही. सांबप्पांना याची सगळ्यात जास्त धास्ती वाटली.

मधल्या दिवसांत दात घासणं चालू होतं. मऊ ब्रश, तिरका धरायचा, मसूड्याकडून दाताकडे. शिवाय फटींसाठी एक इवलासा ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशला पिल्लू झाल्यासारखा. पहिले दिवस बेसिन लाल व्हायचं, मग गुलाबी, मग पांढरं. तंबाखू सुटली. तोंडात आता नुसती जीभ उरली आणि रिकाम्या घरात एकट्या राहिलेल्या माणसासारखी ती भिंती चाचपत फिरू लागली. वीस वर्षांपासूनचं एक गिऱ्हाईक चकित होऊन म्हणालं, "तुमचं नाव सांबप्पा हाय व्हय? मी आजवर आंबप्पाच समजत व्हतो."

अशाच एका सकाळी सांबप्पा मागच्या खालच्या दाढेपाशी अडकलेले असताना बाहेरच्या खोलीतून ऐकू आला

फोन, एका बाजूने.

"हां, बोल शिवरंजनी."

"…"

"आपल्या भजनी मंडळाकडून सत्कार? माझा कशापायी?"

"…"

"अगं पन मी आजून दिली कुठं. तीन म्हैन्यांनी ठरनार हाय."

"…"

"हॉल मंग मिळत न्हाई? लग्नसराई? ते बी खरंच."

"…"

"न्हाई, म्हंजे देनार तर हावच मी. आधी काय, मागून काय. सत्कार सत्कारच असतो."

"…"

"शाल गुलाबी नको. मोरपंखी बघ."

"…"

"फोटू कशाला? …आठ फुटी? …बरं, मंग त्यो पुतनीच्या लग्नातला घे."

सांबप्पांनी चूळ भरली. फेस पांढरा होता. आरशातल्या माणसाला त्यांनी बारकाईने बघितलं. त्याला अजून एक महिना होता. ते परत मागच्या दाढेकडे वळले आणि पहिल्यापासून घासायला लागले.

तीन महिने भरले त्या गुरुवारी डॉ. योगीराजांनी रिपोर्ट एकदाच बघितला, सुलटाच.

"क्रिएटिनिन दोन पॉइंट सात. अंगातल्या सुजेची एक तपासणी असते, ती अकरावरून चारवर आली. संघप्रिया मॅडम म्हणतात, हिरड्यांतून रक्त येणं थांबलंय. मसूड्यांतून."

"म्हंजे मसूड्यानं झालं हे?" सांबप्पांनी विचारलं.

"सुजेचं बऱ्यापैकी त्याचं असेल. किडनीचं म्हणाल, तर हिरडा बंद झाला, पाणी अंगात राहिलं, तंबाखू सुटली, बीपी ताब्यात आलं, हिरड्या सुधारल्या. कुणी किती काम केलं ते मला नाही सांगता येत. मोठ्या-मोठ्या अभ्यासांतसुद्धा ते अजून पक्कं व्हायचंय."

"पाच जनांनी मिळून पोतं उचललं."

"तसंच समजा. आणि त्यातल्या एकालाही सोडू नका. दर सहा महिन्यांनी खुर्चीत जाऊन बसायचं. किडनी बरी झालेली नाही, आहे तिथं थांबलीय. पण थांबली, हेच खूप आहे."

"आन् माझ्या तपासन्या?" भागम्माने विचारलं.

"आत्ता गरज नाही, काकू. पुढे कधी लागल्या तर बघू."

सांबप्पांना वाटलं होतं, आपल्याला उडी मारावीशी वाटेल. पण ते होते तिथेच बसून राहिले. त्यांनी बाजूला पाहिलं. भागम्माने डोळे पुसले, नाक पुसलं आणि मग तिच्या चेहऱ्यावर एक वेगळीच काळजी आली.

"आवं," ती म्हणाली, "शनवारी सत्कार हाय."

पूर्णेला उतरून दोघं तडक सिद्धोधनच्या दुकानात गेले. सिद्धोधन फ्लेक्स छापायचा. वाढदिवस, दहावीचे निकाल, निवडणुका, सगळी पूर्णा त्याच्या यंत्रातून जायची. भागम्माचा फ्लेक्स भिंतीला टेकून उभा होता. आठ फुटी भागम्मा, पुतणीच्या लग्नातली, नथीसह. खाली तांबड्या अक्षरांत: *किडनीदात्या सौ. भागम्मा यांचा जाहीर सत्कार.*

"हे खोडून दे बाबा," भागम्मा म्हणाली. "किडनी ऱ्हायली."

"ऱ्हायली म्हंजे?"

"म्हंजे माझ्याकडंच ऱ्हायली. ह्येंची चालायली."

"चांगलंच झालं की, मावशी. पन छापून झालंय. नवीन करायचा तर मटेरियल नांदेडवरून येनार, शनवार हुकला." सिद्धोधनने मान वाकडी करून फ्लेक्सकडे बघितलं. "सत्कार रद्द करता का?"

"शाल आलीया," भागम्मा म्हणाली. "मोरपंखी."

सिद्धोधन विचारात पडला. मग टेबलाखाली वाकला आणि एक गठ्ठा काढला. चिकटवायच्या पट्ट्या. निवडणूक जवळ आली की गठ्ठ्याने लागायच्या, म्हणून त्याने आधीच छापून ठेवलेल्या. त्यातली एक त्याने सोलली, फ्लेक्सवर नेम धरून लावली आणि तळहाताने दाबली.

*भावी किडनीदात्या सौ. भागम्मा यांचा जाहीर सत्कार.*

तिघंही थोडं मागे सरून बघत राहिले.

"खोटं बी न्हाई," भागम्मा म्हणाली.

सांबप्पांची नजर बाजूला सरकली. भिंतीवर तिच्या शेजारीच दुसरे फ्लेक्स वाळत होते. भावी नगरसेवक. भावी सभापती. भावी आमदार. त्यांतला एकेक चेहरा ते ओळखत होते. आमदार तर त्यांच्याबरोबर शाळेत होता. त्याचे केस पिकून, रंगवून, गळूनही गेले होते आणि तो अजून भावीच होता. तब्येतीने ठणठणीत.

"काय बघायलाव एवढं?" भागम्माने विचारलं. "वाईट दिसतंय का?"

"लय शोभतंय," सांबप्पा म्हणाले. "असंच ऱ्हाऊ दे. वीस-पंचवीस वर्सं."